तेल वरून येऊन राहिलंय, मामा

मामा, तेरवीचे पाहुणे आज सकाळच्या एसटीनं गेले. जाताजाता तुमच्या धाकट्या मेव्हण्यांनी अंगणातल्या जीपभोवती एक फेरी मारली, टायरला पायानं दोनदा ठोकलं आणि "आता हिचं काय करता?" असं मला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं. तुमचा मुलगा म्हणाला, बघू. तुमच्या मागं एकट्या पडलेल्या आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी कपबशा उचलून आत निघून गेले, कारण तिथं थांबले असते तर तोंडून काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं. सुनेचं तोंड कसं आहे ते सासऱ्याइतकं या घरात कोणाला माहीत होतं?

तेरा दिवस घरात तुमचंच बोलणं चाललं होतं. सरकारी जीपवर ड्रायव्हर होतात तेव्हा कधी कोणाला धक्का लावला नाही, कोणाच्या चहाचे मिंधे झाला नाहीत, आपल्या साखऱ्यातल्या अर्ध्या गावाला कधी ना कधी दवाखान्यात पोचवलं. सगळं खरं आहे. मी ऐकलं आणि मान हलवली. पण तुम्ही जाण्याच्या एकोणीस दिवस आधी या अंगणात उभं राहून मी तुम्हाला जे बोलले, ते कोणी सांगितलं नाही, कारण आपल्या दोघांशिवाय ते कोणी ऐकलंच नव्हतं. तुम्ही ते पोटात ठेवलं. मीही मूग गिळून बसले. त्या एका बोलण्याची माफी मागायची राहिली, म्हणून लेकीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले आहे.

मी या घरात आले तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही, समोर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हे आईनं माहेराहून, हट्ट्याहून निघताना दहादा बजावून पाठवलं होतं. तुम्हीही त्याच वळणाचे. मला काही सांगायचं असलं की आत्याबाईंना सांगायचात, आणि त्या घरात नसल्या की म्हशीला. "आज कोनी पानी देतं का न्हाई," असं म्हशीकडं बघून म्हणायचात आणि मी तांब्या भरून ओट्यावर ठेवायचे. म्हशीनं कधी मनावर घेतलं नाही. सहा महिने झाले तरी तुमचा-माझा एक शब्द सरळ झाला नव्हता.

त्याच वर्षी तुम्ही निवृत्त झालात आणि ज्या जीपवर निम्मी नोकरी काढली, तीच खात्यानं मोडीत काढल्यावर लिलावातून घरी आणलीत. ती अंगणात उभी राहिली त्या दिवसापासून तिच्याखाली तेलाचा डाग पडायला लागला. सारवलेल्या अंगणाचा नास केला म्हणून आत्याबाई रोज तोंड वाकडं करायच्या. तुम्ही चेंबरच्या मागं लागला होतात, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या. दोनदा ते खोललंत, दोनदा त्याचं पॅकिंग बदललंत, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी खाली ताजा डाग.

त्या दिवशी तुम्ही तिसऱ्यांदा चेंबर खोलायला निघाला होतात. उताणे होऊन जीपखाली शिरलेले, बाहेर फक्त पाय. आत्याबाई शेतात होत्या. मी ओसरीत ज्वारी निवडत बसले होते आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. हट्ट्याला माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावरची, आणि तिच्याजवळ बसूनच मी लहानाची मोठी झाले. तेल वरून कुठूनतरी सुटतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या जागेवरून टपकतं. माणूस बिचारा टपकण्याच्या जागी शोधत बसतो. मी तुमच्या पायांकडं बघून म्हणाले, "तेल खालून न्हाई, वरून येऊन राहिलंय, मामा."

पाय हलायचे थांबले. मग जीपखालून आवाज आला, "काहून म्हनतीस?"

तुम्ही मला विचारलेला तो पहिला प्रश्न. तुम्हाला माझं तोंड दिसत नव्हतं, मला तुमचं दिसत नव्हतं, म्हणून दोघांनाही जमलं असावं. मी म्हणाले, इंजिन रॉकेलनं पुसून कोरडं करा, वरून पावडर मारा आणि घडीभर चालू ठेवा. जिथं आधी ओलं होईल तिथून गळतं.

"कोनती पावडर?"

"तोंडाला लावायची."

माझ्या रुखवतातला पावडरचा डबा त्या दिवशी निम्मा इंजिनाला लागला. जीपला नवरीसारखा वास सुटला. दहा मिनिटांत वरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या मागल्या कोपऱ्याखाली पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकायला लागली. तुम्ही बोट लावून बघितलंत, वास घेतलात. "बराबर हाय," म्हणालात, जीपकडं बघून. पण म्हशीकडं बघून म्हणाला नाहीत, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

नवीन कॉर्कचं पॅकिंग तुम्ही हिंगोलीहून आणलंत. बाजूच्या एका लहान झाकणाचं मात्र मिळालं नाही. तेव्हा तुम्ही कपाटावरून माझ्याच उरलेल्या लग्नपत्रिका काढल्यात, कारण त्यांचा कागद जाड होता. झाकणाच्या कडांना तेल लावून त्यावर पत्रिका दाबली, ठसा उमटला, कात्रीनं तो कापला आणि भोकं खिळ्यानं पाडली. माझ्या नावामागचं 'चि. सौ. कां.' इंजिनाला जाऊन चिकटलं. आत्याबाई दोन दिवस आपल्याशी बोलल्या नाहीत. ते पॅकिंग पुढं चार वर्षं टिकलं.

पदराचंही त्याच आठवड्यातलं. इंजिन चालू होतं, मी वाकून बघत होते आणि डोक्यावरचा पदर घसरून पंख्याकडं गेला. तुम्ही धावत जाऊन इंजिन बंद केलंत. घाबरल्यावर तुमचा आवाज चढायचा. "इंजिनापाशी डोक्यावर पदर चालायचा न्हाई," तुम्ही ओरडलात. "कमरंला खोच. अन् आता खोचलेलाच राहू दे, घडीघडी काढत-घालत बसू नको." शेतातून येणाऱ्या आत्याबाईंनी ते ऐकलं. लोक काय म्हनतील, असं त्या म्हणाल्या. "लोक येऊन पंखा धरनार हायेत का?" तुम्ही विचारलंत, आणि विषय संपला.

त्या दिवसापासून या घरात माझ्या डोक्यावरचा पदर गेला तो गेलाच. तुमच्या डोक्यात काही सुधारणा वगैरे नसणार. तुम्हाला पंख्याची भीती वाटली होती. पण मला किती मोकळं वाटलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पंधरा वर्षं रोज दिवसातून दहा वेळा बोललो आपण, सगळं पाने, नट आणि पॅकिंगचं, आणि हे एवढं मात्र राहून गेलं.

गाडी चालवायला आणि नट आवळायला तुम्हीच शिकवलंत. गिरणीत आम्ही नट जीव खाऊन आवळायचो. तुम्ही म्हणायचात, "आवळू नको, बसव." समोरासमोरचे दोन थोडे फिरवायचे, मग दुसरे दोन, असं करत करत झाकण सगळीकडून सारखं खाली आणायचं. एकाच बाजूनं जोर लावला की पॅकिंग दुसऱ्या बाजूला उचलतं आणि गळती तशीच राहते. शेवटी पाना घेऊन सगळ्या नटांवरून एक फेरी करायची, कुठला ढिला राहिला का बघायचं. त्याला तुम्ही 'वरून हात फिरवणं' म्हणायचात. हात फिरवल्याशिवाय बॉनेट लावायचं नाही, हा तुमचा कायदा होता.

भांडणंही काही कमी केली नाहीत आपण. पॅकिंगला लावायचं ते चिकट शेलॅक तुम्ही भाकरीवर लोणी थापावं तसं थापायचात. जास्तीचं आत जाऊन तेलाच्या वाटेत अडकतं, असं मी म्हणायचे. "तुझ्या गिरनीत अडकत असंल," तुम्ही म्हणायचात. मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाला, घरोघरी फोन आले, गावात नव्या चकचकीत गाड्या आल्या, माझी लेक शाळेत जायला लागली, आणि आपलं शेलॅकचं भांडण होतं तिथंच होतं. श्रावणात औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालो की मागं बसलेल्या आत्याबाईंच्या डोक्यावरून आपण दोघं भांडायचो. तुमचा मुलगा खिडकीबाहेर बघायचा. तुमच्या मुलाला गाडीत फक्त बसायला आवडतं.

एकदा कोण्या पाहुण्यांनी तुम्हाला विचारलं होतं, सून गाडीखाली काहून जाती, बरं दिसतं का ते. तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "मी खाली गेलो तर काय गळून राहिलं ते मला दिसतं. ती गेली तर ते थांबतं." हे मला आत्याबाईंनी वर्षभरानं सांगितलं, तेही भाजीला मीठ जास्त पडल्याच्या रागात. तोंडावर तुम्ही मला एकदाही चांगलं म्हणाला नाहीत.

मग तुमचा हात थरथरायला लागला. आधी उजवा. वॉशर मातीत पडायचे आणि तुम्ही वाऱ्याला नावं ठेवायचात. नट आटीवर सरळ बसायचा नाही. तुम्ही केलेलं काम दोन दिवसांत पुन्हा ओलं व्हायला लागलं आणि तुम्ही पॅकिंग विकणाऱ्याला शिव्या द्यायला लागलात. मला कळलं, पण मी बोलले नाही. दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात की मी हळूच बॉनेट उघडायचे आणि तुमच्या नटांवरून पाना फिरवायचे, प्रत्येकाला पाव-पाव फेरा. संध्याकाळी तुम्ही खाली वाकून बघायचात. "पाहा, एक थेंब न्हाई. आजकालच्या गॅरेजवाल्याला जमंल का हे?" मी म्हणायचे, न्हाई जमायचं मामा. दोन वर्षं असं चाललं. खरं सांगते, ते करताना मला फार बरं वाटायचं. तुमच्यासाठी मी काही केलं असेल तर एवढंच.

आणि तेच मी त्या दिवशी तुमच्या तोंडावर फेकलं.

गळती आता इंजिनाच्या मागच्या सीलमधून होती. ती थांबवायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मी म्हणत होते हिंगोलीला गॅरेजमध्ये देऊ, तुम्ही म्हणत होतात घरीच करू. आठवडाभर हेच. त्या दिवशी मी हापशावरून पाणी घेऊन आले तर तुम्ही मला न सांगता, एकट्यानं, जीप जॅकवर चढवून तिच्याखाली शिरला होतात. चाकामागं ओंडका लावला नव्हता. तुम्ही, ज्यांनी मला ओंडक्याशिवाय कधी वाकूही दिलं नाही. मी कळशी खाली ठेवते न ठेवते तोच जॅक तिरका झाला आणि जीप खाली आली. तुमच्या छातीच्या वर वीतभर जागा राहिली, कारण मागचं चाक दगडावर टेकलं. मी तुमचे पाय धरून तुम्हाला बाहेर ओढलं. तुम्ही उठून बसलात, अंगावरची माती झटकलीत आणि म्हणालात, "काही झालं न्हाई. तो दुसरा पाना दे."

माझ्या भीतीचा राग झाला. मी म्हणाले, "दोन वर्सं झाली मामा, तुमी बसवलेला एक एक नट मीच पुन्ना बसवून राहिले. तुमच्या हातात काही राहिलं न्हाई आता. कळत कसं न्हाई तुमाला?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागावला नाहीत. रागावला असतात तर भांडून मोकळे झालो असतो. चिंधीनं एकेक बोट पुसलंत, पाने पेटीत ठेवलेत, पेटी पलंगाखाली सारलीत आणि ओट्यावर जाऊन बसलात. संध्याकाळी तुम्ही पाणी मागितलंत ते आत्याबाईंकडं.

सतरा दिवस तुम्ही पेटीला हात लावला नाहीत. माझ्याशी बोलत होतात, लाईट गेली का, लेकरू शाळेतून आलं का, एवढंच. मी रोज ठरवायचे, आज बोलू. चहा देताना तोंड उघडायचे आणि "साखर बराबर हाय का" असं काहीतरी विचारायचे. भांडायची सवय होती आपल्याला, माफी मागायची नव्हती. तुमचं न् माझं सगळं बोलणं जीपजवळ व्हायचं, आणि जीपजवळ तर आता तुम्ही येतच नव्हतात.

अठराव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून बघितलं, तुम्ही बॉनेट उघडून उभे होतात. वरचं कव्हर काढलंत, चिंधीनं कडा पुसल्यात, नवीन पॅकिंग ठेवलंत. शेलॅक अगदी पातळ लावलंत, माझ्या सांगण्यासारखं. एक नट दोनदा खाली पडला. मी खिडकीतून बघत राहिले. जावंसं वाटत होतं, पण गेले तर त्या बोलण्यावर शिक्का मारल्यासारखं होईल असं वाटलं. म्हणून नाही गेले.

सांजेला मी भाकऱ्या करत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. इतक्या वर्षांत त्या दारात तुम्ही कधी आला नव्हतात. म्हणालात, "माय, उद्या गाडी हिंगोलीला नेऊ. ते मागचं सील गॅरेजवाल्यालाच करू दे." मी मान वर केली. तुम्ही चौकटीला धरून उभे होतात. "वरचं कव्हर मी बसवलंय," तुम्ही म्हणालात. "एकदा वरून हात फिरव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मामा, आणि मला वाटलं, देवानं संधी दिली. जे मोडलं ते आता जोडता येईल. मी म्हणाले, "काही गरज न्हाई. तुमी बसवलंय म्हंजे बराबरच असंल."

तुम्ही चौकटीवरचा हात काढलात. मग "बरं" म्हणालात आणि गेलात. मला वाटलं, मी किती चांगलं बोलले. रात्री शांत झोप लागली मला.

सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसला होतात. मी कप शेजारी ठेवला, निवून जाईल म्हणाले, आणि मग कळलं.

तेव्हापासून तेच डोक्यात घुमतंय. आयुष्यात कोणाकडं हात न पसरणारा माणूस सुनेच्या दारात येऊन म्हणाला, माझ्या कामावरून तुझा हात फिरव. जे मी चोरून करायचे ते तुम्ही उघड मागितलंत. तुमच्याकडून तीच माफी होती आणि तेच कौतुक, आणि मी ते परत केलं. तुमचा मान राखायला गेले आणि तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवलं. तुम्हाला काय वाटलं असेल? अजून रागात आहे, म्हणून उठत नाही, असं तर नाही ना वाटलं?

आज पाहुणे गेल्यावर मी पलंगाखालून पेटी काढली, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. पहिल्या नटाला पाना लावायच्या आधी सहज बोट लावलं तर तो बोटानं फिरला. दुसराही. सगळेच. तुम्ही एकाही नटाला पाना लावला नव्हता, नुसते बोटांनी बसवून ठेवले होते. हातात तेवढाच जोर उरला होता, की माझ्यासाठी म्हणून तसे ठेवले होते, हे मला आता कोण सांगणार? रडू आलं ते तिथंच आवरलं, घरात जाऊन रडले असते तर आत्याबाईंना काय सांगितलं असतं.

मग बसवले. समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, थोडे थोडे करून. सगळ्यांवरून एक फेरी केली. जीप तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. तो आवाज ऐकून आत्याबाई माजघरातून धावत बाहेर आल्या, उंबऱ्यात थबकल्या आणि स्टिअरिंगपाशी मला बघून हळूच खाली बसल्या. "मला वाटलं," एवढंच म्हणाल्या. मी म्हणाले, मीच हाय आत्याबाई. त्या म्हणाल्या, "राहू दे चालू जरा येळ."

अर्धा तास चालू ठेवली. उद्या मी तिला हिंगोलीला घेऊन जाणार आहे, तुमच्या मुलाला तसं सांगून टाकलंय. बंद केल्यावर कव्हरच्या चारी बाजूंनी पांढरी चिंधी फिरवून बघितली. कोरडी आहे, मामा. तुम्ही दारात येऊन म्हणालात तेव्हा तव्यावरची भाकरी करपली असती तरी मी उठायला पाहिजे होतं.